गोचीड चिकटली तर कळवायची सोय ठाणे शहरात हवी की नको?

येऊरची_पायवाट:
मागच्या रविवारी ठाण्यालगतच्या येऊरच्या जंगलात गेलो होतो, घरी येऊन आंघोळ करताना गुडघ्यामागे काहीतरी खरखरीत लागलं, नखाने खरवडलं तर निघेना. बायकोने टॉर्च मारून बघितलं, तर त्याला पाय! गोचीड होती, तिळाएवढी. चिमट्याने कातडीला लागून धरली, सरळ वर ओढली, गोळ्यांच्या रिकाम्या डबीत टाकली आणि वर तारीख लिहिली. दुसऱ्या दिवशी दवाखान्यात डबी दाखवली तर म्हणाले फेकून द्या, ताप आला तर या. मला राग त्यांचा नाही आला, अशी डबी घेऊन पुढे द्यायची कुठे हेच कोणाला माहीत नाही याचा आला.
कॅनडात 2017 पासून ई-टिक आहे, तिथे लोक फोटो पाठवतात, तज्ज्ञ जात ओळखून सांगतात आणि नोंद नकाशावर जाते. आपल्याकडे गोचिडीमुळे पसरणारा माकडताप 1957 साली शिमोग्याच्या क्यासनूर जंगलात सापडला, 2016 मध्ये सिंधुदुर्गात दोडामार्गला पोचला. ठाण्यात तो आहे असं मी म्हणत नाहीये. पण कुठली गोचीड कुठे आहे याची साधी नोंद आधीपासून असली तर उद्या काही बदललं तेव्हा कळेल ना? ठाण्यात अशी सोय व्हावी असं माझं मत.

घोडबंदर_बी_विंग:
विरोध. कारण सांगते. आमच्या सोसायटीच्या ग्रुपवर एका काकूंनी पार्किंगच्या भिंतीवरच्या गोचिडीचा फोटो टाकला, संध्याकाळपर्यंत "कुत्री उचला" चालू झालं, चौथ्या दिवशी आमची लाली गायब. सात वर्षं गेटवर बसायची, नसबंदी झालेली, लस झालेली. ती कुठे गेली हे आजपर्यंत कोणी सांगितलं नाही. तुम्ही नकाशा काढाल, लोक त्यात आजार नाही बघणार, कुत्री बघणार.

व्हेट_कळवा:
ताई, लालीबद्दल वाचून वाईट वाटलं. भिंतीवर चढणारी ती बहुतेक कुत्र्याची तपकिरी गोचीड असणार, ती घराच्या फटीत राहते, अंडी तिथेच घालते. कुत्रा हलवला तरी गोचीड तिथेच राहते, आणि मग माणसाकडे वळायची शक्यता उलट वाढते. फटींमध्ये फवारणी आणि कुत्र्यांना औषध, उपाय हा आहे.
आता मूळ मुद्दा. फोटोवरून विषाणू कळत नाही, जात मात्र बऱ्याचदा कळते, आणि तेवढंही खूप आहे. काँगो ताप पसरवणारी हायलोमा गोचीड घ्या, तिच्या पायांवर फिकट पट्टे असतात, चांगल्या फोटोत ते दिसतात. 2011 ला गुजरातेत साणंदजवळ तो ताप आला तेव्हा पेशंटबरोबर उपचार करणारे डॉक्टर आणि नर्सही दगावले. 2020 मध्ये आपल्या शेजारी पालघरमध्ये प्रशासनाने खबरदारीची सूचना काढली होती. ब्रिटनमध्ये 2005 पासून अशी नोंद चालू आहे. 2018 ला तिथे परदेशात कधीच न गेलेल्या घोड्यावर हायलोमा सापडली, ती घोड्याच्या डॉक्टरांनी पाठवली म्हणून कळलं.

पाड्यावर_शिकवते:
मला दुसरीच अडचण दिसते. येऊरच्या पाड्यांवर गोचीड रोजची आहे, शेळीच्या कानातून काढायची आणि पुढच्या कामाला लागायचं. माझ्या वर्गातली मुलं एकमेकांच्या काढतात, तिचा फोटो काढून कोणाला तरी पाठवायचा हे त्यांच्या आयांच्या मनातही येणार नाही, फोन असला तरी रेंज नाही. फोटो पाठवणार रविवारी येणारे ट्रेकर. म्हणजे नकाशावर ठिपके उठणार पार्किंगपासून धबधब्यापर्यंतच्या वाटेवर, आणि जिथे माणूस रोज गवतात बसतो तिथे कोरं. ते कोरं बघून कोणीतरी म्हणणार, पाड्यावर काही नाही. माझी खरी भीती ती आहे.

येऊरची_पायवाट:
हे माझ्या डोक्यातच नव्हतं आलं, खरंच. पण मग पाड्यावर आशाताईंकडे डब्या ठेवता येतील ना, फोटोची गरजच नाही?

पाड्यावर_शिकवते:
आशाताईंकडे आधीच किती रजिस्टरं आहेत ते एकदा येऊन बघा. त्यांना पैसे देणार असाल तर बोला.

दोडामार्गचो_घणसोलीत:
गावाकडचं सांगतो. आमच्याकडे ॲप वगैरे काही नव्हतं, काजूच्या बागेत माकड मेलेलं दिसलं की कळवायचं, हात लावायचा नाही, एवढंच सांगितलेलं. माणसाला ताप यायच्या आधी माकड पडतं, त्यामुळे ती खबर महत्त्वाची. सुरुवातीला लोक कळवत नव्हते, बागेत जायला बंदी येईल आणि सीझन बुडेल म्हणून, आमच्या वाडीतल्या एकाने तर माकड गुपचूप पुरलं. मग घरातच ताप आला, काकांना बारा दिवस ॲडमिट केलेलं. त्यानंतर लोक आपणहून सांगायला लागले. म्हणून माझं मत, सोय हवीच, पण कळवणाऱ्याचं नुकसान होणार नाही याची हमी आधी द्या.

ओपीडी_वाशी:
मी तर म्हणेन गोचिडी मोजत बसण्यापेक्षा डॉक्टरांना एक प्रश्न विचारायची सवय लावा. पावसाळ्यात ताप आला की आम्ही डेंगू, मलेरिया, लेप्टो तपासतो, "गोचीड चावली होती का, कुत्रा आहे का, जंगलात गेलेलात का" हे फार कमी वेळा विचारलं जातं. गोचिडीपासून होणारा टायफससुद्धा आपल्याकडे आहे, अंगावर पुरळ येतं, तळहात-तळपायावरही येऊ शकतं, आणि डॉक्सीसायक्लिनने बरा होतो, फक्त वेळेत सुचायला पाहिजे. पैसा आणि माणसं मोजकी आहेत, ती तिथे लावा.

येऊरची_पायवाट:
डॉक्टर, पण पेशंटलाच माहीत नसेल की चावली ती गोचीड होती तर तो तुम्हाला काय सांगणार? मला तर आधी तीळच वाटला होता. आमच्या शेजाऱ्यांनी एकदा काडी पेटवून चटका दिलेला, तसं केलं की ती आतला द्रव आपल्याच अंगात सोडू शकते, हे त्यांना कोणी सांगितलंच नव्हतं. फोटो पाठवल्यावर उत्तरात एवढं जरी आलं तरी खूप आहे.

व्हेट_कळवा:
डबी अजून आहे ना? उघडू नका, बोटाने चिरडू तर अजिबात नका. बुधवारी संध्याकाळी क्लिनिकला घेऊन या, मायक्रोस्कोपखाली बघतो, मला जात नाही ओळखता आली तर परळच्या व्हेटर्नरी कॉलेजात विचारतो.

घोडबंदर_बी_विंग:
डबीला माझा विरोध नाही. फवारणीचं सेक्रेटरींना आजच पाठवते. पण नकाशावर सोसायटीचं किंवा पाड्याचं नाव येणार असेल तर माझा विरोध कायम, वॉर्डाच्या पुढे एक अक्षर नको.