ऊसतोडीला गेलेल्या लोकांचं म्हणणं गावच्या आराखड्यात फोनवरून कसं आणायचं?

माळवाट (प्रश्न)

गाव बीड जिल्ह्यातलं, मतदार 1,900 च्या आसपास. गावठाण, दोन किलोमीटरवर लमाण तांडा आणि कॅनॉलच्या कडेला एक वस्ती. दसरा झाला की तांड्यातली निम्म्याहून जास्त घरं कुलूपबंद होतात. टोळ्या पश्चिम महाराष्ट्रात आणि कर्नाटकात जातात आणि मार्च-एप्रिलला परत येतात. ग्रामपंचायतीच्या वार्षिक विकास आराखड्यात (पुढच्या वर्षाच्या कामांच्या यादीत) तांड्याचं काम दरवर्षी शेवटच्या पानावर असतं, नाहीतर नसतंच.

गावाचा व्हॉट्सअ‍ॅप ग्रुप आहे. त्यावर वाढदिवसाचे बॅनर आणि दहा-पंधरा जणांची भांडणं चालतात. बाया तर एक शब्द बोलत नाहीत. गावातल्या पोरांची एखादं अ‍ॅप बनवायची तयारी आहे. खर्चाला फार तर पाच हजार निघतील. विचारायचं हे की, (अ) अ‍ॅप करावं की आणखी काही? (आ) फोनवरून सभेत आलेला माणूस हजर धरता येतो का? (इ) ज्यांच्याकडे साधा बटणांचा फोन आहे त्यांचं काय?

---

बालाघाट_72

अ‍ॅपचा विषय आधी मिटवू. करू नका. तांड्यातल्या किती जणांच्या फोनमध्ये आणखी एका अ‍ॅपला जागा आहे, ते विचारून बघा. पोरं पुण्याला नोकरीला लागली की ते अ‍ॅप सांभाळणारंही कोणी उरत नाही.

तुमचं खरं दुखणं कॅलेंडरात आहे. आराखड्याची मोहीम साधारण 2 ऑक्टोबरला सुरू होते आणि जानेवारीअखेर आराखडा ई-ग्रामस्वराजवर (ग्रामपंचायतींच्या सरकारी पोर्टलवर) चढवतात. म्हणजे टोळ्या निघाल्यावर चर्चा सुरू होते आणि त्या परतायच्या आधी सगळं संपलेलं असतं. 1 मेच्या सभेला तांडा भरून असतो, पण तोवर त्या वर्षाचा आराखडा मंजूर झालेला असतो. त्यामुळे 15 ऑगस्टची ग्रामसभा हातची जाऊ देऊ नका. सगळे गावात असतानाची ती शेवटची खात्रीची सभा.

त्या सभेत एक ठराव घ्या. मजकूर साधा ठेवा: "रोजगारासाठी बाहेरगावी गेलेल्या ग्रामसभा सदस्यांच्या आराखड्याबाबतच्या सूचना अमुक नंबरवर आवाजी किंवा लेखी स्वरूपात अमुक तारखेपर्यंत स्वीकाराव्यात, आराखड्याच्या सभेत त्या वाचून दाखवाव्यात व इतिवृत्तात नोंदवाव्यात." सूचक आणि अनुमोदक यांपैकी एक तांड्यातला असू द्या. ठराव नसेल तर डिसेंबरात तुम्ही आणलेले आवाज ही चार पोरांची हौस ठरते. ठराव असेल तर ते न वाचणं म्हणजे सभेचाच ठराव मोडणं.

हजेरीचं स्पष्ट सांगतो. गणपूर्ती, म्हणजे सभेला लागणारी किमान हजेरी, एकूण मतदारांच्या 15 टक्के किंवा 100, यांतलं जे कमी असेल ते. तुमच्याकडे 15 टक्के म्हणजे 285 होतात, म्हणून 100 लागतील. फोनवरचा माणूस त्यात मोजू नका. कोणी तक्रार केली की अख्खी सभाच वादात येईल. त्याचं म्हणणं "सूचना" म्हणून आत आणा. आणि तहकूब सभेवर लक्ष ठेवा. पहिली सभा गणपूर्तीअभावी तहकूब झाली की पुढच्या सभेला गणपूर्ती लागत नाही, आणि बरेचसे आराखडे तिथंच पंचवीस-तीस माणसांत मंजूर होतात.

---

काळीमाती

बालाघाट यांनी कागदाचं सांगितलं, मी फोनचं सांगतो.

एक स्वतंत्र सिम घ्या. ते सरपंचाच्या किंवा कोणा पुढाऱ्याच्या खाजगी फोनमध्ये नको. जुना अँड्रॉइड चालतो. त्यावर व्हॉट्सअ‍ॅप बिझनेस टाका, कारण त्यात चॅटला लेबलं लावता येतात: तांडा, कॅनॉल वस्ती, गावठाण, नोंद झाली, परत विचारायचं. "डिसअपिअरिंग मेसेज" बंद आहे ना हे पहिल्याच दिवशी तपासा. ते चालू राहिलं तर सभेच्या दिवशी हातात काहीच नसतं.

थेट व्हिडिओ कॉलवर टोळीला सभेत घ्यायचा मोह होईल. जमत नाही. उसाची गाडी कधी येईल याचा नेम नसतो. गाडी आली की मोळ्या भरायला उठावं लागतं, मग सभा असो की जेवण. कोपीत (टोळीच्या झोपडीत) वीज नसते, फोन ट्रॅक्टरवर किंवा गावातल्या दुकानात चार्जिंगला असतो. साध्या फोनच्या कॉन्फरन्स कॉललाही आपल्याला धरून सहाच माणसं बसतात. म्हणून व्हॉइस मेसेज बरा. माणूस त्याच्या सवडीने बोलतो. मिनिटाभराचा आवाज शे-दीडशे केबीत मावतो, तेवढं जाण्यापुरती रेंज कुठेतरी मिळतेच.

"तुमच्या सूचना पाठवा" असं मोघम विचारलं तर "रोड करा, पाणी द्या" एवढंच येतं. तीनच प्रश्न विचारा, तेही आवाजात रेकॉर्ड करून: तुमच्या वस्तीत सगळ्यात आधी कोणतं एक काम व्हावं? ते नेमकं कुठं, कोणाच्या घरापासून कुठवर? तुम्ही नसताना घरी राहिलेल्या म्हाताऱ्यांची आणि लेकरांची काय अडचण होते? तिसरा प्रश्न टाळू नका. हंगामी वसतिगृह, अंगणवाडी, रेशन हे सगळं त्यातूनच बाहेर येतं.

प्रश्न मराठीत आणि गोरमाटीत (लमाणांच्या बोलीत), दोन्हीत पाठवा. गोरमाटीत बोलणारा आवाज तांड्यातल्याच एखाद्या शिकलेल्या पोरीचा असला तर उत्तरं मोकळी येतात.

आलेला प्रत्येक आवाज एका वहीत उतरवा: अनुक्रमांक, तारीख, वस्ती, विषय, दोन ओळींचा गोषवारा, फाइलचं नाव. फाइलचं नाव PTT आणि तारखेने सुरू होतं, तेच लिहा म्हणजे नंतर सापडतं. आठवड्याला सगळ्या फाइली संगणकावर किंवा पेनड्राइव्हवर काढून ठेवा. आवाजावरून मजकूर लिहून देणाऱ्या साधनांवर विसंबू नका. माणसांची नावं, गट नंबर आणि बोलीतले शब्द यांतच ती घसरतात, आणि आराखड्याला नेमकं तेच लागतं. गोरमाटीचा तर प्रश्नच नको. माणसानेच ऐकून लिहावं. साठ-सत्तर आवाज दोघांनी बसून एका दुपारी होतात.

बटणवाल्या फोनसाठी मिस्ड कॉल ठेवा. आला की संध्याकाळी उलट फोन करा, बोलणं ऐकत वहीत लिहा आणि लिहिलेलं त्यांना वाचून दाखवा. कॉल रेकॉर्डिंगच्या भानगडीत पडू नका. बाहेरच्या अ‍ॅपना गूगलने 2022 पासून ते जवळजवळ बंद केलंय, आणि बऱ्याच फोनांत त्यांच्या स्वतःच्या रेकॉर्डिंगला समोरच्याला सूचना ऐकू येते, की माणूस गप्प होतो.

छत्तीसगडमध्ये 2010 पासून सीजीनेट स्वर हे फोनवर बोलून बातमी, तक्रार नोंदवायचं काम करतंय. तिथं आपोआप फोन उचलणारी यंत्रणा आहे. एका गावाला तेवढं लागत नाही, वही आणि एक इमानी माणूस पुरतो.

---

सीनाकाठ

एसएमएसचाही विचार करू नका. घाऊक मेसेजला डीएलटी नोंदणी (मोबाइल कंपनीकडे पाठवणाऱ्याची नोंद), हेडर (पाठवणाऱ्याचं ठरलेलं नाव), मजकुराचा मंजूर नमुना एवढं सगळं लागतं. वर देवनागरीत एका मेसेजला 70 अक्षरं मिळतात आणि त्यात काना, मात्रा, हलन्त सगळं मोजलं जातं. "ग्रामसभा" या एका शब्दालाच 8 जातात.

व्हॉट्सअ‍ॅप पोलने कामं ठरवायची कल्पना कोणी काढली तर तिथंच थांबवा. पोलमध्ये कोणी कशाला मत दिलं ते सगळ्या ग्रुपला नावानिशी दिसतं. मुकादमाच्या (टोळी नेणाऱ्याच्या) घरापुढच्या रस्त्याच्या विरोधात कोण बोट दाबणार? सभेची वेळ सकाळी की दुपारी, एवढ्यापुरता पोल ठीक.

---

माळवाट

मुकादमाचा विषय निघालाच. टोळीतला चांगला फोन त्याच्याकडेच असतो. आणि बायांचे नंबर म्हणजे नवऱ्याचेच नंबर. शिवाय नोटीस ग्रुपवर टाकली तरी लोक म्हणतात वाचता येत नाही. फोटो अंधुक असतो, किंवा फाइल उघडली की नुसती उलटसुलट चिन्हं दिसतात.

---

तेरणामाय

चिन्हांचं आधी सांगते, सोपं आहे. नोटीस कृतिदेव किंवा श्रीलिपीसारख्या जुन्या फॉन्टात टाइप झालेली आहे. तो फॉन्ट ज्या मशीनवर नाही तिथं कचराच दिसणार. संगणक परिचालकाला युनिकोडमध्ये (कुठल्याही फोनवर दिसणाऱ्या अक्षरांत), इनस्क्रिप्ट कीबोर्डने टाइप करायला सांगा आणि ग्रुपवर फोटो न टाकता तोच मजकूर थेट मेसेज म्हणून पेस्ट करा. ज्यांना डोळ्यांनी दिसत नाही त्यांचा फोन टॉकबॅकने मजकूर वाचून दाखवतो, फोटोतली नोटीस त्याला नीट वाचता येत नाही. सोबत तीच नोटीस चाळीस सेकंदांच्या आवाजात टाका: तारीख, वेळ, जागा आणि विषय. फळ्यावरची नोटीस आणि दवंडी मात्र चुकवायची नाही. ग्रुपवरचा मेसेज हा त्यावरचा जोड आहे. घंटागाडीच्या भोंग्यावर तोच आवाज लावला तर तांड्यापर्यंत फुकटात पोहोचतो.

आता बाया. माणूस बाहेर गेल्यावर त्याच्या फोनवर बाईचं मत मागवणं हा उशिराचा उपाय आहे. टोळ्या निघायच्या आधीच काम करा. ग्रामसभेच्या आधी महिला सभा घ्यावीच लागते, ती गावठाणातल्या समाजमंदिरात न घेता तांड्यावर घ्या, दिवेलागणीनंतर. पिण्याचं पाणी, रस्ता, दिवे, अंगणवाडी, शौचालय, दफन-दहनभूमी अशी चित्रं जमिनीवर मांडा. प्रत्येकीला तीन चिंचोके द्या. तिन्ही एकावर ठेवले तरी चालतील. मांडून झालं की सगळ्यांसमोर मोजा, वरून एक फोटो काढा आणि आकडे कागदावर घेऊन सह्या-अंगठे घ्या. हा कागद म्हणजे महिला सभेचं इतिवृत्त. पुढे फोनवर त्यांना फक्त "यात काही बदलायचंय का?" एवढंच विचारायचं राहतं. नवऱ्याच्या फोनवर हा प्रश्न अवघड जात नाही.

नंबरांचंही बघा. ग्रुपमध्ये टाकलं की बाईचा नंबर हजार लोकांना दिसतो, मग रात्री-अपरात्री मेसेज सुरू होतात आणि ती बाहेर पडते. व्हॉट्सअ‍ॅप कम्युनिटी करा. तिच्या घोषणांच्या ग्रुपमध्ये सदस्यांना एकमेकांचे नंबर दिसत नाहीत, अ‍ॅडमिनला दिसतात. म्हणून अ‍ॅडमिन दोन ठेवा, त्यातली एक आशाताई किंवा बचत गटाची सीआरपी (गटांचं काम पाहणारी गावातलीच बाई). ब्रॉडकास्ट यादीच्या नादी लागू नका. ज्याने तुमचा नंबर सेव्ह केलेला नाही त्याला मेसेज जातच नाही आणि पाठवणाऱ्याला ते कळतही नाही.

मुकादमाला वगळायचं असेल तर नंबर त्याच्याकडून घेऊ नका. ग्रामपंचायतीत ऊसतोड कामगारांची ओळखपत्रासाठी नोंदणी होते. ती यादी घ्या, निघायच्या आठवड्यात घरोघर जाऊन प्रत्येक कोयत्यामागे (तोडणीला जाणाऱ्या जोडप्यामागे) एक नंबर लिहून घ्या, बाईचा वेगळा असेल तर तोच. परवानगीही तेव्हाच विचारा: तुमचा आवाज सभेत वाजवायचा, की नाव न घेता नुसतं वाचायचं? गावात आवाजावरून माणूस ओळखतात. उत्तर नसेल तर नाव न घेता वाचायचं, असं धरा. यादीत आधार नंबर लिहू नका आणि ती ग्रुपवर तर टाकूच नका.

दिव्यांगांचं एक राहिलं. ग्रामपंचायतीने स्व-उत्पन्नातले 5 टक्के दिव्यांगांवर खर्च करायचे असतात. त्यांच्याकडून नुसती "सूचना" घेऊ नका, त्या पैशाचं काय झालं हा प्रश्न त्यांच्याच आवाजात सभेत ठेवा.

---

बालाघाट_72

ताईंनी मांडलंय त्याला सभेतला एक दुवा जोडतो. इथंच सगळं गळतं. वाचून दाखवलेली सूचना आपोआप ठराव होत नाही, तिला सभेत हजर असलेला सूचक आणि अनुमोदक लागतो. म्हणून सभेच्या आदल्या दिवशी वहीतल्या सूचना विषयवार एकत्र करा. साठ आवाजांची सात-आठ कामं होतात. प्रत्येक कामाला तांड्यात मागे राहिलेल्यांपैकी एक नाव ठरवा. म्हातारी माणसं असतातच. त्यांना जीप करून आणा, तुमच्या पाच हजारांतला मोठा खर्च हाच धरा.

कामं लिहिताना निधीचा कप्पाही लिहा. 15व्या वित्त आयोगाच्या निधीत 60 टक्के बंधित होते, म्हणजे पाणी आणि स्वच्छता, आणि 40 टक्के अबंधित. तांड्याचा रस्ता बंधितमध्ये मागितला की "नियमात बसत नाही" म्हणून एका वाक्यात उडतो. पाण्याची टाकी, गटार, शोषखड्डे तिकडे टाका, रस्ता-दिवे अबंधितमध्ये किंवा तांडा वस्तीच्या योजनेत. पुढच्या आयोगाची वाटणी काय येते ते सभेआधी ग्रामपंचायत अधिकाऱ्यांना विचारून घ्या.

सभेचं रेकॉर्डिंग करणार असाल तर फोन व्यासपीठासमोरच्या टेबलावर ठेवा. मागून धरला तर भोंग्याचा घुमारा तेवढा येतो. 2025 मध्ये केंद्राने आणलेलं सभासार रेकॉर्डिंगवरून इतिवृत्ताचा मसुदा करून देतं, पण त्यालाही आवाज स्वच्छ लागतो आणि मसुदा कोणीतरी तपासावाच लागतो.

---

माळवाट

आणि वाचूनही इतिवृत्तात लिहिलंच नाही तर?

---

काळीमाती

वहीची झेरॉक्स सभेच्या दोन दिवस आधी अर्जासोबत ग्रामपंचायतीत द्या आणि आवक क्रमांक घ्या. नुसता शिक्का पुरे नाही, क्रमांक आणि तारीख बघा. सभेनंतर इतिवृत्ताची प्रत मागा. दिली नाही तर माहिती अधिकारात 10 रुपयांचा अर्ज, 30 दिवसांत उत्तर यायला हवं. प्रतीत सूचना नसतील तर 15 ऑगस्टचा ठराव, आवक क्रमांक आणि ती प्रत, तिन्ही जोडून गटविकास अधिकाऱ्यांकडे लेखी द्या. आपले सरकार पोर्टलवर तक्रार टाकायची असेल तर तीच तीन कागदं एका पीडीएफमध्ये, ठळक अक्षरात तारखा लिहून.

फेब्रुवारीत ई-ग्रामस्वराजवर आराखडा चढला की लॉगिन न करताही कामांची यादी दिसते. तांड्याची कामं असलेलं पान छापून एक प्रत तांड्यावरच्या शाळेच्या भिंतीला लावा, आणि ज्यांनी आवाज पाठवला त्यांना त्याच नंबरवरून प्रत्येकी एक आवाजी उत्तर द्या: तुमचं काम कितव्या क्रमांकावर आहे, रक्कम किती धरली, नसेल घेतलं तर का नाही. एवढं झालं नाही तर पुढच्या हंगामात त्या नंबरवर कोणी बोलणार नाही.

---

सीनाकाठ

त्या सिमला एप्रिल ते सप्टेंबर रिचार्ज मारत राहा. बंद पडलं की कंपनी तोच नंबर दुसऱ्याला देते, आणि नोव्हेंबरात तांड्याचे आवाज भलत्याच माणसाला जातील.