लंडनचा सौम्य हिवाळा : श्रेय गल्फ स्ट्रीमचे की वाऱ्यांचे?

भूगोलाचा मास्तर (विलेपार्ले) :
लंडन साधारण 51.5 अंश उत्तरेला आहे, तर कॅनडातील न्यूफाउंडलंड बेटावरचे सेंट जॉन्स त्याच्याही दक्षिणेला, 47.5 अंशांवर. तरीही जानेवारीत लंडनचे सरासरी तापमान 5 अंश सेल्सिअसच्या आसपास राहते आणि सेंट जॉन्सचे शून्याच्या 4 ते 5 अंश खाली जाते. ‘गल्फ स्ट्रीमचा उष्ण प्रवाह आणि लॅब्राडोरचा थंड प्रवाह’ हे याचे नेहमीचे पाठ्यपुस्तकी उत्तर. यंदा वर्गातल्या एका विद्यार्थिनीने विचारले की, पाणी समुद्रात वाहते तर गावांवरची हवा उबदार कशी होते, आणि प्रवाह दरवर्षी तोच असताना एखादाच हिवाळा कडक का पडतो? जाणकारांनी कृपया सविस्तर लिहावे.

झोतवारा :
सर, मुलीने नेमक्या जागी बोट ठेवले आहे. मध्य अक्षांशांत वारे प्रामुख्याने पश्चिमेकडून वाहतात. त्यामुळे लंडनला अटलांटिक ओलांडून आलेली हवा मिळते, तर सेंट जॉन्स समुद्रकाठी असूनही त्याच्या वाट्याला खंडाच्या गोठलेल्या अंतर्भागावरची हवा येते. वारा कोठून येतो याने काय फरक पडतो हे मुंबईकराला वेगळे सांगायला नको. मार्चमध्ये खारे वारे दुपारी उशिरा सुटले की सांताक्रूझचा पारा बघता बघता चढतो, समुद्र मात्र तोच असतो.

समुद्राचा जेमतेम 3 मीटर जाडीचा थर एका अंशाने निवला, तर त्यातून बाहेर पडणारी उष्णता त्यावरच्या सबंध वातावरणाला सुमारे एका अंशाने तापवू शकते. उन्हाळ्यात साठलेली ही ऊब हिवाळ्यात वारे युरोपवर नेतात, आणि त्यासाठी पाणी दूरवरून वाहत आलेच पाहिजे असे नाही.

याला जोड मिळते रॉकी पर्वताची. ही रांग ओलांडताना पश्चिमी वारे आधी उत्तरेकडे आणि मग दक्षिणेकडे वळतात, आणि हिवाळ्यात उत्तर अमेरिकेच्या पूर्व भागावर वरच्या हवेत कमी दाबाची एक द्रोणी ठाण मांडून बसते. तिच्या पश्चिम अंगाने ध्रुवीय हवा कॅनडावर उतरते, तर पूर्व अंगाने वारे नैर्ऋत्येकडून थेट युरोपवर जातात. अटलांटिकच्या दोन काठांमधल्या तफावतीत या दोन कारणांचाच वाटा मोठा आहे, असे हवामानशास्त्रज्ञ रिचर्ड सीगर आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी 2002 मध्ये संगणकीय प्रारूपांच्या आधारे मांडले. पॅसिफिकच्या दोन बाजूंनाही असेच दिसते. व्हँकूवर आणि रशियातील खाबारोव्स्क दोन्ही 49 अंशांच्या आसपास आहेत. एकाचे जानेवारीचे सरासरी तापमान शून्याच्या 3-4 अंश वर, तर दुसऱ्याचे उणे 20 च्या जवळ. (खाबारोव्स्क किनाऱ्यापासून बरेच आत आहे, हे मान्य.) व्हँकूवरच्या दारात तर गल्फ स्ट्रीम नाही.

निवृत्त दर्यावर्दी, माझगाव :
वरचे विवेचन पटले, तरी प्रवाहाला इतके मोडीत काढू नये. मुर्मान्स्क बंदर जवळजवळ 69 अंशांवर असूनही बारमाही खुले राहते, तर त्याच अक्षांशांवरचा सायबेरियाचा किनारा महिनोन्‌महिने गोठलेला असतो. तिथवर उष्ण पाणी नेणारा प्रवाहच आहे. लॅब्राडोरचे म्हणाल, तर न्यूफाउंडलंडजवळच्या ग्रँड बँक्सवर उन्हाळ्याच्या तोंडी दक्षिणेकडची दमट हवा त्या थंड पाण्यावर आली की असे धुके दाटते की जहाजाच्या ब्रिजवरून (सुकाणूकक्षातून) त्याची नाळ, म्हणजे पुढचे टोक, दिसत नाही. रडारवर डोळे लावून, भोंगा वाजवत पुढे सरकावे लागते. हिमनगांची धास्ती वेगळीच.

भूगोलाचा मास्तर (विलेपार्ले) :
दोघांचे आभार. कडक हिवाळ्याबद्दल कोणी लिहील का? आणि मुंबईच्या थंडीचा या सगळ्याशी काही संबंध आहे का?

दाबरेषा :
आइसलँडजवळ कमी दाबाचे आणि पोर्तुगालच्या पश्चिमेकडील अझोर्स बेटांजवळ जास्त दाबाचे केंद्र असते. दोहोंतला फरक वाढला की पश्चिमी वारे जोर धरतात, उत्तर युरोपात हिवाळा सौम्य व ओला जातो आणि भूमध्य प्रदेश कोरडा राहतो. फरक घटला की पूर्वेची आणि उत्तरेची थंड हवा आत घुसते. 2009-10 मध्ये हा फरक कमालीचा घटला होता आणि ब्रिटनने 1978-79 नंतरचा सर्वांत थंड हिवाळा अनुभवला. गल्फ स्ट्रीम तेव्हाही वाहतच होता. या हेलकाव्याला ‘उत्तर अटलांटिक आंदोलन’ हे नाव दिले गिल्बर्ट वॉकर यांनी. 1904 ते 1924 या काळात ते भारतीय हवामान खात्याचे प्रमुख होते आणि मान्सूनचा अंदाज आधी कसा वर्तवावा, या खटपटीत जगभरच्या दाबाच्या नोंदी पडताळून पाहत होते.

मुंबईचा संबंध आहे, पण दुरून. हिवाळ्यात जेट प्रवाह (उंचावरच्या वेगवान वाऱ्यांचा झोत) हिमालयाच्या दक्षिणेला सरकतो आणि भूमध्य समुद्राकडून निघालेले पश्चिमी विक्षोभ (पाऊस-बर्फ आणणारी कमी दाबाची क्षेत्रे) त्याच्याबरोबर उत्तर भारतात येतात. ते पुढे सरकले की त्यांच्या मागून उत्तरेचे कोरडे, गार वारे कधी कधी थेट कोकण किनाऱ्यापर्यंत पोहोचतात. सांताक्रूझचा 7.4 अंशांचा नीचांक 22 जानेवारी 1962 चा आहे. मात्र अटलांटिकवरच्या दाबातील फरकाचा आकडा पाहून मुंबईच्या थंडीचे भाकीत करता येत नाही. मधे फार टप्पे आहेत. एल निनोचा प्रभाव तर याहून जबर मानला जातो, तरी त्याचेही तसेच : 1997-98 मध्ये त्याने कॅलिफोर्नियाला झोडपून काढले, आणि 2015-16 मध्ये तितकाच प्रबळ असूनही दक्षिण कॅलिफोर्निया कोरडाच राहिला.