शाळेतली आरोग्य तपासणी: वर्षातून एकदा पथक पुरे, की शाळांना स्वतःची सिस्टर हवी?

मधली_सुट्टी:
आमच्या तालुक्याच्या गावात जिल्हा परिषदेच्या शाळेत नुकतंच राष्ट्रीय बाल स्वास्थ्य कार्यक्रमाचं पथक येऊन गेलं. दोन डॉक्टर, सिस्टर, फार्मासिस्ट. वजन, उंची, दात, कान, छाती, सगळं नीट बघितलं. सातवीतल्या एका मुलीला फळ्यावरचं दिसत नाही, हे तेव्हा कळलं. तोवर बाई तिला "लक्ष नसतं" म्हणून रागवायच्या. ग्रामीण रुग्णालयात दाखवा अशी चिठ्ठी मिळाली. ती अजून तिच्या कंपासपेटीत आहे, चार घड्या घालून. आई-वडील दोघंही रोजंदारीवर. एक खाडा म्हणजे दोघांची मजुरी बुडाली. चष्मा सरकारकडून फुकट मिळतो, हे त्यांना कुणी सांगितलेलंच नाही.
माझं म्हणणं: गावातल्या चार-पाच शाळांना मिळून एक पूर्णवेळ सिस्टर द्या. चिठ्ठी मिळालेलं मूल डॉक्टरपर्यंत पोचलं का, हे बघणं हेच तिचं मुख्य काम.

काळी_माती:
पटत नाही. हा कार्यक्रम २०१३ साली आपल्या पालघरमधूनच सुरू झाला. जन्मतः हृदयाला छिद्र असलेल्या पोरांची ऑपरेशनं त्यातून मोफत होतात. माझ्या भाच्याचं झालं. पथकानं शोधून दिलं, कागद दिला, पत्ता दिला. पुढची जबाबदारी आई-बापाची नको का? प्रत्येक गोष्टीला नवीन पद काढायचं, मग ते वर्षानुवर्षं रिकामं ठेवायचं. आधी उपकेंद्रांतली पदं भरा.

खडू_डस्टर:
मी शिक्षिका आहे. आठवड्याची लोहाची निळी गोळी आम्हीच वाटतो. खिचडी खाल्ल्यावर द्यायची असते, पण गडबडीत परिपाठालाच देऊन मोकळे होतात. उपाशीपोटी मळमळतं, मग मुली गोळी जिभेखाली धरतात आणि नळावर थुंकतात. शौचाला काळं होतं म्हणून घाबरून दोघींनी बंदच केली. पाळीबद्दलचे प्रश्न त्या मला विचारतात तरी. सरांच्या वर्गातल्या मुलींनी कुणाला विचारायचं? मला सिस्टर हवी आहे.

उपकेंद्र_निवृत्त:
आयुष्यभर आरोग्यसेविका होते, म्हणून विरोध करते. पाच हजार लोकसंख्येला एक उपकेंद्र, हे कागदावर. लसीकरण, गरोदर बायकांची नोंदणी, साथ आली की घरोघर सर्वेक्षण. तुमची शाळेची सिस्टर पहिल्याच पल्स पोलिओला तिकडे ओढली जाईल आणि परत शाळेत दिसणार नाही. आदेश निघाला की नाही म्हणता येत नाही हो. त्यापेक्षा आशाताईला त्या मुलांची यादी द्या. घर तिला माहीत असतं.

मधली_सुट्टी:
ताई, तुमचा अनुभव मोठा आहे, पण यातून वेगळंच सिद्ध होतं. ओढून नेतील म्हणून पदच नको, असं कसं? शाळेबाहेरचं काम देऊ नये असं नेमणुकीतच लिहून घ्या. आशाताईला प्रत्येक कामाचा मोबदला ठरलेला. या पाठपुराव्याचा मिळणार का? नाही मिळाला तर यादी तिच्याही पिशवीतच राहील.
@काळी_माती, तुमच्या भाच्याला नेणारं कुणीतरी होतं. ज्याला नाही, त्याच्याबद्दल मी बोलतोय.

काळी_माती:
माझी बहीणही मजुरीच करते. पोराला घेऊन जिल्ह्याला एसटीनं हेलपाटे घातले तिनं. गरिबाला कळत नाही असं समजू नका. नेत्रतपासणी कुठल्या वारी असते, एवढं चिठ्ठीवर ठळक लिहा, अर्धे लोक येतील.

खडू_डस्टर:
वार लिहायची सूचना चांगली आहे, लगेच होण्यासारखी. पण उरलेल्या अर्ध्यांचं काय? शाळा व्यवस्थापन समितीच्या बैठकीत मी चिठ्ठ्यांची वही मांडणार आहे: मुलाचं नाव, कुठे पाठवलं, गेलं का, उपचार काय. आमच्या गटशिक्षणाधिकाऱ्यांना तीच वही दाखवून सिस्टरची मागणी करू. @मधली_सुट्टी, त्या सातवीतल्या मुलीला तोवर पहिल्या बाकावर बसवायला सांगा.