पूर्ण लक्ष देणारी माणसं : तुमचे अनुभव

पाऊलवाट
काल आमच्या जुन्या फोरमन साहेबांचा निरोप समारंभ झाला. उत्पादनाच्या आकड्यांबद्दल कुणी चकार शब्द काढला नाही. जो तो हेच सांगत होता की अडचणीच्या वेळी साहेब शेजारी उभे होते. मला एक रात्रपाळी आठवली. मुख्य पंप बंद, वरून फोनवर फोन. साहेब आले, मोबाइल बंद करून खिशात टाकला आणि फिटरच्या हातातला टॉर्च स्वतः धरून उभे राहिले. सूचना एकही नाही. पाना जिकडे सरकेल तिकडे उजेड. मध्येच विचारलं, "तुला काय वाटतं, बेअरिंग गेलंय?" आणि त्याचं बोलणं पुरं होईपर्यंत थांबले. तेव्हा मी नवखा होतो. पुढारपण म्हणजे काय ते त्या रात्री कळलं. तुम्हालाही असं कुणी भेटलं असेल तर लिहा.

शुभ्रा
वॉर्डात आहे, तुटक लिहितेय. आमच्या इन्चार्ज सिस्टर पाळी बदलताना टेबलापाशी बसून ओव्हर (आधीच्या पाळीकडून पेशंटची माहिती) घेत नाहीत, खाटेशी उभं राहूनच. सलाईन, ड्रेनची नळी, पेशंटचा चेहरा, सगळं दोघींनी मिळून बघायचं. एकदा बोलता बोलता त्यांनी एका आजींचा हात उचलून पाहिला. सुईजवळ सूज होती. कागदावर सगळं ठीक होतं!!

मध्यरात्र
+१. ऑपरेशन थिएटरमध्येही तेच. जागतिक आरोग्य संघटनेच्या २००८च्या शस्त्रक्रिया-सुरक्षेच्या यादीत आहे की चिरा देण्याआधी प्रत्येकाने नाव आणि काम सांगायचं. काही जण पुटपुटून उरकतात. आमच्या सर्जन मॅडम एकेकाकडे बघून ऐकतात, म्हणून नवा टेक्निशियनसुद्धा "मॅडम, थांबा" म्हणायला कचरत नाही.

चिमणचारा
मानसशास्त्रज्ञ एडवर्ड ट्रॉनिक यांचा १९७०च्या दशकातला प्रयोग आठवला. आई बाळाशी खेळता खेळता चेहरा निर्विकार करते. असते समोरच. बाळ हसतं, हात पुढे करतं, ओरडतं, शेवटी तोंड फिरवतं. बघवत नाही. आमची कन्या तर माझ्या हातात फोन दिसला की हनुवटी धरून मला आपल्याकडे वळवते. काय बिशाद स्क्रोल करायची!

आडवाट
हाहा, गोड आहे. आमचे आजोबा श्रवणयंत्र काढून ठेवतात. काढलं की समजायचं, समोरचा फोनमध्ये आहे.

निळाई
थोडा वेगळा सूर. आमचे आधीचे मॅनेजर दिवसभर पाठीशी उभे असायचे. हात थरथरायचे हो. असं हजर असणं नको.

पाऊलवाट
निळाई, ती पाळत झाली. टोयोटाचे उत्पादनतज्ज्ञ ताइइची ओनो जमिनीवर खडूने वर्तुळ काढून इंजिनिअरला तासन्‌तास त्यात उभं करायचे, असं सांगतात. काम कुठे अडतंय ते दिसेपर्यंत बघत राहायचं. तुमच्या साहेबांची नजर माणसांवर होती, कामात काय अडतंय ते राहूनच गेलं.

खटपट्या
अवांतर: टॉर्चपेक्षा डोक्याला बांधायचा दिवा घ्या, दोन्ही हात मोकळे राहतात.

निळाई
पटलं, पाऊलवाट. शुभ्राताई, खाटेशी ओव्हर घेताना पेशंटसमोर नको ते बोललं गेलं तर? आमच्याकडे सुरू करायचंय.

शुभ्रा
तेवढं बाजूला जाऊन बोलायचं. आणि शेवटी पेशंटलाच विचारायचं, "आमच्याकडून काही राहिलं का?" पुष्कळदा राहिलेलं असतंच. नातेवाइकांना मात्र तेवढा वेळ बाहेर थांबवा, नाहीतर सगळे एकदम बोलायला लागतात.