‘क्रूलर’ हा अल्बम मेटल म्हणून कसा ऐकावा?

जडस्वर (प्रश्नकर्ता)

नमस्कार. ‘ऑथर अँड पनिशर’ या नावाने एकट्याने संगीत करणारे सॅन डिएगोचे ट्रिस्टन शोन यांचा ‘क्रूलर’ (रिलॅप्स रेकॉर्ड्स, फेब्रुवारी २०२२) हा अल्बम सध्या मी लक्षपूर्वक ऐकत आहे. माझा कान गिटारवर पोसलेला आहे. रिफ (गिटारवर पुन्हा पुन्हा येणारा छोटा स्वरसमूह) कुठे सुरू झाला, कुठे वळला आणि ड्रम्सनी त्याला कुठे उचलून धरले, याचा माग काढतच मी आजवर मेटल, म्हणजे गिटारप्रधान जड रॉक संगीत, ऐकत आलो. या अल्बममध्ये तसा रिफ क्वचितच हाती लागतो, तरीही ‘ड्रोन कॅरिंग ड्रेड’ या पहिल्याच संथ गाण्यात छातीवर जो दाब जाणवतो तो मेटलचाच आहे, याविषयी मला शंका नाही. हा दाब नेमका कशातून येतो?

दुसरे असे की, शोन हे यांत्रिकी शिकलेले अभियंता असून आपली वाद्ये ते स्वतःच पोलाद आणि ॲल्युमिनिअममधून घडवतात. मात्र माझ्या वाचनानुसार त्यांची बरीचशी यंत्रे स्वतः आवाज काढत नाहीत. ती संगणकाला संदेश देतात आणि ध्वनी सॉफ्टवेअरमध्ये तयार होतो. तसे असेल, तर हेच संगीत माउस आणि कीबोर्ड वापरून केले असते तरी काय बिघडले असते? जाणकारांनी कृपया सविस्तर लिहावे.

फिल्टर_आणि_फीडबॅक

आपल्या पहिल्या प्रश्नाचे उत्तर बरेचसे ध्वनिशास्त्रात आहे. नेहमीच्या जुळणीतल्या गिटारची सर्वांत खालची तार सुमारे ८२ हर्ट्झला वाजते, तर चार तारांच्या बेसची ४१ हर्ट्झला. विद्युत्-लहरींतून ध्वनी घडवणाऱ्या सिंथेसायझरला तारेची लांबी, जाडी किंवा ताण यांचे बंधन नसल्यामुळे तो याच्याही खाली सहज उतरतो आणि तिथला स्वर तारेसारखा विरत न जाता हवा तितका वेळ त्याच जोराने टिकून राहतो. मात्र नुसता शुद्ध खर्ज कानाला बोथट लागतो. त्यावर डिस्टॉर्शन (ध्वनिलहर मुद्दाम विकृत करण्याची प्रक्रिया) चढवले की मूळ स्वराच्या दुप्पट, तिप्पट, चौपट कंपनसंख्यांचे उपस्वर जन्माला येतात आणि त्यांच्यामुळेच तो आवाज खरखरीत, दातेरी आणि जवळचा वाटू लागतो. गिटारच्या ॲम्प्लिफायरमध्येही हेच घडत असते. म्हणजे मेटलचा जो पोत आपण गिटारच्या नावावर जमा करतो तो खरे तर डिस्टॉर्शनचा आहे, आणि तो कोणत्याही उगमाच्या ध्वनीला देता येतो. एक विनंती मात्र आवर्जून करतो: हा अल्बम मोबाइलच्या स्पीकरवर ऐकू नये. त्यातून शंभर हर्ट्झच्या खालचे जवळजवळ काहीच बाहेर पडत नाही, आणि या संगीताचा पाया तिथेच आहे.

दुसऱ्या प्रश्नाबाबत माझे मत ठाम आहे. यंत्राला वजन आहे, म्हणूनच या संगीताला वजन आहे. शोन यांच्या प्रयोगाचे चित्रीकरण उपलब्ध आहे. त्यात रुळांवरून मागेपुढे सरकणारा धातूचा जड ठोकळा ते संपूर्ण हाताने ढकलतात आणि त्या हालचालीतून तालाचे आघात निघतात. जड वस्तू हलायला वेळ लागतो, थांबायलाही लागतो. संगणकाच्या पडद्यावर मांडलेला आघात सेकंदाच्या हजाराव्या भागापर्यंत आखलेल्या जागी बसतो. इथे मात्र तो हाताच्या जोरावर आणि त्या क्षणीच्या थकव्यावर अवलंबून राहतो, किंचित मागे रेंगाळतो आणि दर वेळी थोडा वेगळा पडतो. पेटीवर सूर ठरलेले असले तरी भात्यावरचा हात वादनाला श्वास देतो, तसेच हे आहे. त्यांच्या गाण्यांची संथ लयसुद्धा मला या वजनाचाच परिणाम वाटते, कारण इतके लोखंड वेगाने हलवता येतच नाही.

खालचा_षड्ज

वरील प्रतिसादातील ध्वनिशास्त्राचा भाग मान्य आहे. यंत्रांविषयीचा निष्कर्ष मात्र मला अर्धाच पटतो. प्रत्यक्ष मंचावर त्या यंत्रांचा परिणाम जबरदस्त होतो, कारण प्रत्येक आवाजामागचे श्रम प्रेक्षकाला दिसतात. ध्वनिमुद्रणात ते दिसत नाहीत, आणि स्टुडिओत आघात हवा तिथे सरकवता येतो. बर्मिंगहॅमच्या गॉडफ्लेश या बँडने १९८९च्या ‘स्ट्रीटक्लीनर’ या अल्बममध्ये ड्रमवादकाऐवजी आखून दिलेले ठोके आपोआप वाजवणारे ड्रम मशीन वापरले, त्या ठोक्यांत तसूभरही फरक पडत नाही आणि तरीही ते संगीत चिरडून टाकते. किंबहुना त्या ठोक्याला दया नसणे, हेच तिथे वजन आहे. रोमचा मास्टर बूट रेकॉर्ड हा एकल प्रकल्प तर गिटारसारखा भासणारा आवाजही सिंथमधूनच घडवतो आणि त्याची सगळी मजा त्या काटेकोरपणातच आहे. म्हणून हाताने वाजवले म्हणजे जड आणि आखून बसवले म्हणजे हलके, असा नियम मला करता येणार नाही.

‘क्रूलर’मध्ये मला भिडते ती गोष्ट वेगळीच आहे, ती म्हणजे चाल. २०१८च्या ‘बीस्टलँड’ या अल्बममध्ये शोन यांचा आवाज बहुतांशी ओरडण्याचा आणि पिळवटलेला होता. इथे ते गातात. आवाजावर प्रक्रिया आहे, पण स्वर स्पष्ट आहेत, ते लांबवलेले आहेत आणि त्यांत दुःख आहे. खाली तो अवजड खर्ज कुरतडत असताना वर इतकी मृदू चाल संथपणे चालत राहते, तेव्हा दोहोंमधल्या अंतरामुळेच खालचे वजन आपल्याला मोजता येते.

जडस्वर (प्रश्नकर्ता)

दोघांचेही मनःपूर्वक आभार. चालीविषयीचा मुद्दा लक्षात ठेवून हेडफोनवर पुन्हा ऐकले, तेव्हा पहिल्या गाण्यात आवाज आणि खर्ज यांच्यामध्ये केवढी मोकळी जागा ठेवली आहे हे प्रथमच जाणवले. आता एकच शंका उरते. यात फिल स्ग्रॉसो यांची गिटार आहे आणि टूल या बँडचे डॅनी कॅरी व जस्टिन चॅन्सेलर हेही पाहुणे म्हणून वाजवतात. मग याला एकट्याचा अल्बम म्हणावे का?

फिल्टर_आणि_फीडबॅक

माझ्या मते निःसंशय म्हणावे. कॅरी ‘मिझरी’ या गाण्यात ड्रम्स वाजवतात आणि चॅन्सेलर ‘सेंच्युरियन’मध्ये बेस, दोघेही त्या त्या गाण्यापुरते येतात आणि शोन यांनी आखलेल्या चौकटीत राहतात. विशेषतः ‘मिझरी’ ऐकताना आपल्या मूळ प्रश्नाची कसोटी घेता येईल, कारण तिथे खऱ्या ड्रम्सवरचा हात आणि यंत्रावरचा हात शेजारी शेजारी ऐकू येतात. कॅरी यांच्या आघातांत चपळाई आहे, बारीक भरणा आहे. पण गाण्याचा वेग त्यांच्याकडे जात नाही, तो यंत्राच्याच ताब्यात राहतो. षड्ज यांचा गॉडफ्लेशचा दाखला मला मान्य आहे, मात्र ते वजन न झुकणाऱ्या ठोक्याचे आहे आणि हे झुकणाऱ्या ठोक्याचे आहे, एवढा फरक मी धरून ठेवीन.

खालचा_षड्ज

हा फरक मलाही मान्य होण्याजोगा आहे. प्रश्नकर्त्यांनी यानंतर पोर्टिसहेड या बँडच्या ‘ग्लोरी बॉक्स’ची या अल्बममधली आवृत्ती १९९४च्या मूळ गाण्याला लागून ऐकावी, असे सुचवतो. चाल तीच, संथपणाही जवळपास तोच. फक्त मूळ गाण्यात पोकळी आहे तिथे शोन यांनी गुरगुरता खर्ज भरला आहे. मग ‘ड्रोन मशीन्स’ (२०१०) घ्यावा. घडवलेल्या यंत्रांचा तो सुरुवातीचा अल्बम असून त्यात चालीचा आधार जवळजवळ नाही, त्यामुळे यंत्रांचे काम उघडेवाघडे ऐकता येते.