दाढीवाल्या ड्रॅगनची पेटी: घरी बांधावी की तयार आणावी?

निळा डोंगर (सिडनी)

गेल्या महिन्यात आमच्या घरी दाढीवाला ड्रॅगन आला. ऑस्ट्रेलियाच्या अंतर्भागातल्या रुक्ष मुलखातला हा सरडा पाळण्यासाठी न्यू साउथ वेल्समध्ये, म्हणजे सिडनीच्या राज्यात, परवाना लागतो. तो माझ्या नावावर आहे, सरडा मात्र अकरा वर्षांच्या मुलीचा आहे. विकणाऱ्याने सोबत दिलेली काचेची पेटी ९० सेंटिमीटर लांब आहे. पूर्ण वाढलेला नर शेपटीसकट ५० ते ६० सेंटिमीटर भरतो, म्हणजे वर्षभरात त्याला त्यात नीट वळताही येणार नाही. म्हणून १२० × ६० × ६० सेंटिमीटरची लाकडी पेटी घरीच बांधायचे ठरवले आहे, आणि माझे मत असे की ज्याला करवत धरता येते त्याने तयार पेटीवर पैसे घालवूच नयेत.

प्लायची शीट येथे २४०० × १२०० मिलिमीटरची मिळते. तिचे १२० × ६०चे चार तुकडे होतात: तळ, छत, पाठ, आणि चौथा मधोमध कापला की दोन्ही बाजू. समोर सरकत्या काचा. एका शीटमध्ये पेटी, आणि चिंधीएवढाही तुकडा वाया जात नाही.

पण खरे कारण ऊब हे आहे. त्याच्या ऊन खायच्या दगडाचा पृष्ठभाग ४० ते ४२ अंश असावा लागतो आणि दुसरे टोक २५च्या आसपास, म्हणजे तापायचे की निवायचे हे त्याचे त्याला ठरवता येते. पश्चिम सिडनीतल्या जुलैत, म्हणजे आमच्या ऐन हिवाळ्यात, काचेची पेटी ही ऊब धरून ठेवत नाही. आमचे गार टोक सकाळी १७वर होते. शिवाय चारही बाजूंनी काच असल्यामुळे त्याला स्वतःचे प्रतिबिंब दिसते आणि तो दोन पायांवर उभा राहून तासन् तास काच खरवडत बसतो. पाठीला आणि बाजूंना लाकूड असले की हा खेळ बराचसा थांबतो.

यूव्हीबी ट्यूब (अतिनील किरण देणारा दिवा) मी आत बसवणार आहे, कारण छताच्या जाळीवर ठेवली तर साधारण एक तृतीयांश किरण जाळीच खाते. माझ्या १२ टक्के यूव्हीबीच्या टी-५ (बारीक नळीच्या) ट्यूबपासून सरड्याच्या पाठीचे अंतर ३८ सेंटिमीटर हवे. ६० सेंटिमीटर उंचीतून ट्यूबचे ५ गेले, ३८ अंतराचे गेले, ४ सरड्याच्या जाडीचे गेले, म्हणजे दगड १३ सेंटिमीटर उंच. तयार पेटीत असा हिशेब कोण करून देतो?

तिसरा डोळा (मेलबर्न)

आपला उत्साह समजतो, पण निष्कर्ष मान्य नाही. मीही चार वर्षांपूर्वी अशीच पेटी बांधली होती. एका शनिवार-रविवारचे काम म्हणून हात घातला आणि पाच आठवडे गेले; तोवर सरडा लहान पेटीतच होता. त्याहून वाईट म्हणजे दिव्याला जाळीचे संरक्षण लावायचे मी ‘पुढच्या आठवड्यात’ म्हणून टाळले. दिवा आत, सरडा फांदीवर, आणि फांदी दिव्यापासून वीतभर. त्याच्या पाठीवर रुपयाएवढा भाजल्याचा डाग पडला, तो बरा व्हायला दोन वेळा कात टाकावी लागली. भाजू लागले तरी हे प्राणी कधी कधी उबेजवळ तसेच बसून राहतात.

तयार मेलामाइनच्या (प्लास्टिकसारखा थर दिलेल्या फळ्यांच्या) पेटीत वायरींची भोके, हवेच्या झडपा आणि दिव्याची जाळी आधीच बसवलेली असते. आपण सुतारकामाचा हिशेब मांडला. विजेचा मांडलेला नाही. हॅलोजन दिव्याला मंद-प्रखर करणारा थर्मोस्टॅट, म्हणजे तापमान राखणारे यंत्र, लागतो. चालू-बंद होणारा लावला तर दिवा दिवसभर लुकलुकतो आणि लवकर जातो. आपल्या हिशेबात थर्मोस्टॅट हा शब्दच आलेला नाही.

सागवान (ठाणे)

मी ड्रॅगन पाळत नाही, फर्निचरच्या धंद्यात आहे, त्यामुळे लाकडापुरतेच बोलतो.

पहिली गोष्ट, ६० ही आपली बाहेरची उंची आहे. १८ मिलिमीटरचे प्लाय तळाला आणि छताला लागले की आत ५६.४ उरतात. तोच हिशेब पुन्हा केला तर दगड १३ नव्हे, जेमतेम ९ सेंटिमीटरचा ठेवावा लागेल. १३वर ठेवलात तर पाठ ट्यूबच्या चार सेंटिमीटर जास्त जवळ जाईल. दुसरी, करवतीचे पाते प्रत्येक कापाला सुमारे ३ मिलिमीटर खाते, त्यामुळे नेमक्या २४०० × १२००मधून चार पुरे तुकडे निघत नाहीत. आमच्या आठ बाय चार फुटी शीटमध्ये तेवढी सूट सापडते, आपल्याकडे नाही. तिसरी, प्लाय कडेने पाणी पिते. पृष्ठभागावर तीन हात पॉलियुरेथेन (पाणी अडवणारे पॉलिश) मारून कडा कोऱ्या सोडणारे लोक मी रोज पाहतो, आणि सहा महिन्यांनी फुगलेल्या पेट्याही तेच घेऊन येतात. कडा आधी, पृष्ठभाग नंतर. वाळवीचे औषध मारलेले प्लाय तर आत ४० अंश तापणाऱ्या आणि प्राणी राहणाऱ्या पेटीला वापरूच नका.

आणि हे सगळे आपल्या कोरड्या हवेत चालेल. येथे ठाण्यात जुलैत हवेतली आर्द्रता ८० टक्क्यांच्या वर असते. कोणी गिऱ्हाईक अशी लाकडी पेटी मागायला आले तर मी त्याला काच आणि ॲल्युमिनियम सांगेन, स्वतःचे नुकसान करून.

वैनगंगा (नागपूर)

धागालेखकांचा मूळ मुद्दाच मला एका गावापुरता खरा वाटतो. लाकूड ऊब धरते हे बरोबर. पण मे महिन्यात बाहेर ४५ अंश असताना आम्हांला ऊब धरणारी पेटी नको, सोडणारी हवी. माझ्या प्लायच्या पेटीत दिवा बंद असतानाही दुपारी गार टोक ३६वर गेले होते. सरडा कोपऱ्यात पोट जमिनीला चिकटवून, तोंड उघडे ठेवून पडला होता. दगडावर बसून तोंड उघडणे वेगळे. तेव्हा त्याला तापणे पुरे झालेले असते आणि मनात आले की तो सरकू शकतो. गार कोपऱ्यात तोंड उघडे दिसले तर त्याला सरकायला जागाच उरलेली नसते.

मी शेवटी बाजूच्या दोन फळ्या काढून तेथे जाळी बसवली, आणि उन्हाळ्यात कूलरच्या खोलीत पेटी ठेवतो. थेट वारा लागू देत नाही. मग ‘घरी बांधलेली’ म्हणजे काय उरले? अर्धा पिंजरा. सिडनीचा हिशेब विदर्भात आणि कोकणात तसाच्या तसा चालवणाऱ्यांनी आधी स्वतःच्या खोलीत आठवडाभर तापमापक लावून पाहावा.

निळा डोंगर (सिडनी)

सागवान, चार सेंटिमीटरची चूक पकडलीत, मान्य. मापे प्रत्येकी एक सेंटिमीटरने कमी करतो आणि त्यामुळे दगड ८वर आणतो. तिसरा डोळा यांचा थर्मोस्टॅटचा मुद्दाही मान्य, मी तो गृहीत धरला होता, लिहिला नव्हता. पण दिव्याला जाळी न लावणे हा घरी बांधण्याचा दोष नाही, घाईचा आहे. तयार पेटीतही लोक जाळी काढून ठेवतात, कारण दिवा बदलताना ती आड येते.

वैनगंगा, आपल्याशी मात्र वाद आहे. आपण बाजूच्या फळ्या काढून जाळी लावू शकलात ते पेटी लाकडाची होती म्हणूनच. काचेच्या पेटीची बाजू कोण काढणार? माझा दावा लाकडाबद्दल कमी आणि मापून बांधण्याबद्दल जास्त होता, हे मी पहिल्या लेखनात नीट मांडायला हवे होते. मी गार टोकाला खाली आणि तापत्या टोकाला वर अशा झडपा ठेवतो आहे, म्हणजे गरम हवा वरून निघेल आणि गार हवा खालून येईल. नागपुरात त्या दुप्पट ठेवाव्यात.

तिसरा डोळा (मेलबर्न)

‘घाईचा दोष’ हे म्हणणे सोपे आहे. मी घाईत नव्हते, मी दमले होते. नोकरी करून पाचव्या रविवारी माणूस उरलेले काम पुढे ढकलतोच, आणि तयार पेटी त्या पाचव्या रविवारची सोय करते. ज्यांना हे जमते त्यांनी बांधावी. ‘तयार घेऊच नये’ हे वाक्य मात्र मागे घ्यावे.

निळा डोंगर (सिडनी)

घेतले मागे. ‘बांधता येत असेल तर’ असे वाचावे.

सागवान (ठाणे)

वजनाचा एक मुद्दा राहिला. एका शीटचे साधारण ३० किलो आणि पुढच्या काचा ७ किलो धरल्या तरी पेटी रिकामीच ३७ किलोंची आहे. वर दगड आणि माती. ती मुलीच्या अभ्यासाच्या टेबलावर ठेवणार असाल तर टेबलाचे पाय आधी दाखवा.

वैनगंगा (नागपूर)

फळी काढण्याबद्दल बोललात ते खरे, पण ती काढेपर्यंतची एक दुपार त्या सरड्याने सोसली, हेही त्यात धरा. पॉलिश वाळले की लगेच प्राणी आत सोडू नका. वास पूर्ण जाईपर्यंत दिवे लावून पेटी रिकामी तापवा, तीन दिवस दोन्ही टोकांचे आकडे सकाळी, दुपारी आणि रात्री लिहा, आणि येथे टाका. १७ आणि ४२ दिसले तर पेटी लाकडाची असूनही चुकली, असे मी म्हणेन.

निळा डोंगर (सिडनी)

रविवारपासून आकडे टाकतो. वही मुलीकडे आहे. तिने पहिल्या पानावर ‘गार टोक’ आणि ‘तापते टोक’ असे दोन रकाने आखून तिसरा ‘त्याचा रंग’ असा ठेवला आहे, कारण सकाळी तो काळपट असतो आणि तापला की पिवळसर होतो, हे तिने माझ्याआधी पाहिले.