डीपड्रीमची गंमत वेगळी होती

बिघडलेली एआय चित्रंच खरी बघण्यासारखी असं काही जण म्हणतात, ते २०१५ च्या डीपड्रीमबद्दल मला शंभर टक्के पटतं. डीपड्रीम म्हणजे गूगलचा प्रोग्रॅम: फोटो ओळखायला शिकवलेल्या न्यूरल नेटवर्कला एखाद्या चित्रात जे आकार भासतील, तेच तो ठळक करत जायचा. ढगांत, झाडांत कुठेही कुत्र्यांची तोंडं उगवायची, कारण त्या नेटवर्कला शिकवलेल्या फोटोंत कुत्र्यांच्या जातीच भरमसाट होत्या, म्हणजे मशीनच्या डोक्यात काय भरलंय ते सरळ दिसायचं. पण आता गिरगाव-लालबागला गणपतीत लागतात ते एआय बॅनर बघा ना, ढोलवाल्याला सहा बोटं, टिपरू ढोलातच विरघळलेलं, मागच्या पताकांवर शिरोरेघ आहे पण अक्षर एक लागत नाही. छापायच्या आधी कुणी धड बघितलेलंही नसतं, राग त्याचा येतो. हाताने रंगवलेली जुनी फिल्मी पोस्टर्सही भडकच होती, पण गालावरचा तो निळा फटकारा रंगवणाऱ्याने ठरवून मारलेला असायचा.